फक्कीची रेघ

टेंपोत बॅगा चढल्या, टेंपोवाला हॉर्न मारून मारून कंटाळला, तरी मी दहिवलीच्या नाक्यावर आईला बजावत उभी होते. लोक निघताना आईच्या पाया पडतात, रडतात. मी म्हणत होते, "आई, कोण कितीबी गोड बोलू दे, कागदावर अंगठा द्यायचा नाय. कुणालाच नाय." बाबा त्याच वर्षी गेले होते. शेत आईच्या एकटीच्या नावावर, मी एकुलती एक, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊसच्या भिंती उभ्या राहत होत्या. आई म्हणाली, "बरं गं बाय. पाण्याची बाटली घेतलीस ना?"

माझ्यासारखे जे बाहेर पडलात त्या तुम्हाला सांगायला नको. शारजात मी दवाखान्यात नर्स आहे, एसीत बारा महिने स्वेटर घालते, पण डोकं गावच्या बांधावरच. गाव सोडलेला माणूस गावाचा बिनपगारी तलाठी होतो.

मग आमच्या शेताला लागून कलाकारांचं केंद्र निघालं. मुंबईच्या कुणा साहेबांनी जागा घेऊन कौलारू खोल्या बांधल्या, आणि कुठकुठले चित्रकार, शिल्पकार महिना महिना येऊन राहायला लागले. आई फोनवर कौतुकानं सांगायची, पोरं भली हायत, काकी काकी करतात, माझ्या हातची भाकरी खातात. मी इकडे हिशेब मांडायचे. फुकटची काकी कोण म्हणतं? आधी भाकरी, मग ओळख, मग सातबारा. आमच्या डोळ्यांदेखत कितीतरी जमिनी अशाच गोडीगुलाबीनं गेल्या.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला व्हिडिओ कॉलवर आई गाय दाखवत होती, आणि तिच्यामागे शेतात मला पांढरी रेघ दिसली. सरळ, लांब, फक्कीची. फक्की आपल्याकडे दोनदाच पडते, कबड्डीच्या मैदानावर नाहीतर पाया खणायच्या आधी. आमच्या शेतात कबड्डी कोण खेळणार? विचारलं तर आई म्हणाली, ती होय, ती असू दे. आणि फोन पुन्हा गाईकडे फिरवला. झालं. मी रजा टाकली, विमान पकडलं, आणि येता येता कर्जतला वकिलाकडून मुखत्यारपत्र लिहून घेतलं. यापुढे शेताचा सगळा व्यवहार माझ्या सहीनं. आईनं फक्त कचेरीत येऊन अंगठा द्यायचा होता.

घरी बॅग टाकली आणि आधी रेघेवर गेले. रेघेच्या अलीकडे आमचा राब. तुमच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. भाताची रोपं जिथं करायची ती जमीन आपण उन्हाळ्यात भाजतो. शेण, त्यावर कवळ म्हणजे तोडून वाळवलेल्या पाल्याच्या फांद्या, मग गवत, वर माती, असे थर रचून. आई ते अजून एकटी रचते.

तर आईनं सांगितलं ते असं. केंद्रातल्या बडोद्याच्या एका मुलीला आमचं कवळ म्हणजे टाकून दिलेला कचरा वाटला. तिनं सगळं उचलून केंद्राच्या अंगणात नेलं, त्याचं पुरुषभर उंच घरटं केलं आणि खाली नावाची पाटी लावली. आई कौतुकानं बघायला गेली आणि तिनं आपलं कवळ ओळखलं. भांडली नाही. घरटं सोडवलं, त्या मुलीच्या आणि साहेबांच्याही डोक्यावर भारे दिले आणि शेतात आणून एकेक थर त्यांच्याकडूनच लावून घेतला. मग फक्की मागवून स्वतःच्या हातानं रेघ मारली. पलीकडं तुमची कला, अलीकडं माझा भात.

खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण मी म्हटलं, आज कवळ नेलं, उद्या शेत नेतील. आणि कागद काढून तिच्यापुढे ठेवला. आईनं पदराला हात पुसले. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत बसली.

"कागदच हाय ना गं ह्यो?"

मी म्हटलं, आई, मी हाय, कुणी परकी नाय.

"कुणालाच नाय, असं तूच बोललीस. नाक्यावर." कागदाची घडी घालून तिनं माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेली.

मला राग आला. नंतर रडूही आलं, कारण शेत तिच्याकडून काढून घ्यायला कागद घेऊन आलेली मी पहिलीच होते.

दोन दिवसांनी सकाळी आईनं राब पेटवला. मी मदतीला पुढे झाले, इतक्यात वारा फिरला आणि धूर अंगावर आला. रेघेपलीकडे बडोद्याची मुलगी उभी होती. आई मला ओरडली, "पलीकडं जा गं, तिच्याजवळ. तुला सवय नाय आता."

मी अजूनही त्या साहेबांवर विश्वास ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. पण घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर आता सांगते, रेघेच्या अलीकडे, आणि ते आई राखते, माझ्यापासूनसुद्धा. त्या सकाळी मी गुपचूप पलीकडे गेले. रेघ पुसू नये म्हणून पाय उचलून गेले.