मी कापलेला ‘येतो’

१. उन्हाळ्यात गावी, बोरीला, काकांचा आवाज रेकॉर्ड केला.
२. त्यातली अकरा सेकंदं एका अमेरिकन संगीतकार बाईंना पाठवली.
३. त्यांनी त्यावर बारा मिनिटांची रचना केली.
४. परवा परभणीच्या हॉस्पिटलमध्ये ती काकांना माझ्या फोनवर लावून ऐकवली. ऐकवायला नको होती.

मी साउंड इंजिनियर. या बाई तीस वर्षं साध्या बोलण्यातून संगीत करताहेत… बोलताना आवाज जसा चढतो-उतरतो, तेच सूर त्या वाद्यांना देतात. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गप्पा व्हायोलिनवर, आईचे फोनवरचे निरोप अख्ख्या ऑर्केस्ट्रावर. कॉलेजपासून ऐकत आलेय.

काकांचं वाक्य होतं, “मी जायलोय शेताकडं.” बाईंनी पहिले दोनच शब्द ठेवले. मी जायलोय… मी जायलोय… खाली चेलोचा खर्ज उतरत जातो आणि आवाज दर वेळी थोडा आणखी दूर.

चौथ्या मिनिटाला काकांच्या खाटेशी बसलेली आत्या ओरडली, “बंद कर गं ते! मानूस येतो म्हनून निघतंय. ह्यो नुसता जायलोय, जायलोयच करायलाय!”

काका हसले. “आगं, फुकटात अमेरिकेला जायलोय. तुला काय व्हायलंय?”

आत्या हसली नाही. शुक्रवारी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे.

मी निघाले तेव्हा काकांनी माझा हात धरला. हळूच विचारलं, “त्या दिवशी मी येतो म्हनलो हुतो ना गं?”

म्हणाले होते. मूळ फाइलमध्ये आहे, बाराव्या सेकंदाला. नेमकी तेव्हाच अंगणात मोटरसायकल सुरू झाली, म्हणून मी अकराव्या सेकंदाला कट मारला. स्वच्छ कट होता.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी परवापासून ती फाइल पुन्हा पुन्हा उघडून बारावा सेकंद ऐकतेय.

बाईंना सगळं कळवलं. त्या शेवट बदलायला तयार आहेत, फक्त तो शब्द ऐकू यायला हवा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मोटरसायकलबरोबर ‘येतो’ही पुसला जातोय. नव्याने रेकॉर्ड करावं, तर काकांना आता दोन शब्दांत धाप लागते… आणि मला त्या दिवशीचाच हवाय.

इंजिनाच्या आवाजाखालून माणसाचा आवाज वेगळा काढता येत असेल, तर कृपया बुधवारी संध्याकाळपर्यंत मला मेसेज करा. फाइल लगेच पाठवते. गुरुवारी ती काकांना ऐकवायची आहे.