सड्यावरचा निवारा

भाऊ गेल्यावर माझं अंबाबाईच्या देवळात जाणं बंद झालं. भांडून नव्हे. जायचं राहिलं आणि मग राहूनच गेलं. महाद्वारासमोरून स्कूटर न्यावी लागली तरी मान तिकडे वळत नसे. माझा धाकटा भाऊ गगनबावड्याच्या बाजूला, कोकणच्या कड्यालगतच्या एका सड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, भर पावसात सोबत्यांपासून चुकला. तो कुठून पडला नाही, त्याला काही चावलं नाही. भिजत, वाऱ्यात बसून राहिला आणि गारठून गेला. "नुसता आडोसा मिळाला असता तरी वाचला असता," असं डॉक्टर सहज बोलून गेले. ते वाक्य माझ्या आत रुतून बसलं.

मी आर्किटेक्ट. कोल्हापुरात लोकांचे बंगले बांधत आयुष्य गेलं. त्यानंतर मात्र एकच गोष्ट कागदावर काढत बसले, डोंगरात फिरणाऱ्यांसाठी त्या सड्यावर एक निवारा. तिथं वीज नाही, नळ नाही, गाडीरस्ता नाही. म्हणून जे हवं ते बहुतेक त्या जागेतूनच काढायचं होतं. भिंती तिथल्याच जांभ्याच्या. नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे पाठ, आणि छप्पर इतकं उतरतं की वारा वरून निसटून जावा. छपरावरचं पाणी टाकीत, उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी. एका दिव्यापुरतं सोलर, आणि पाणी न लागणारा संडास. खालच्या गावानं जागा दिली, भावाचे मित्र दगड वाहायला आले. भिंती चढत असताना मला रडू येत नसे. त्या कामातलं सुख तेवढंच.

पहिल्याच पावसाळ्यात छप्पर उडालं. ज्या वाऱ्याचा मी एवढा विचार केला होता, तो कड्याखालून उसळून वर आला आणि अर्धं छप्पर उचलून दरीत टाकून गेला. गावातून निरोप आल्यावर मी एकटीच वर गेले. त्या उघड्या भिंतींमध्ये उभी राहिले आणि वाटलं, तोही गेला आणि हेही गेलं. खाली जाऊन गावाला सांगायचं, दगड घेऊन जा, तुमच्या गोठ्यांना होतील.

परत निघाले आणि धुकं उतरलं. सड्यावरचं धुकं ज्यानं पाहिलंय त्यालाच ते कळेल, स्वतःचे पाय दिसत नाहीत. शेवाळावर पाय सरकला, घोटा मुरगळला. फोनला रेंज नव्हती. पावसात लंगडत मी वाट समजून कुठंतरी चालत राहिले. पुष्कळ वेळ कुडकुडले. मग कुडकुडणं थांबलं, अंगाला बरं वाटू लागलं आणि डोळे मिटायला लागले. भाऊ गेल्यानंतर मी याबद्दल बरंच वाचलं होतं, त्यामुळे हे बरं वाटणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी खाली बसले. वाचव म्हणावंसं वाटलं नाही. इतकंच तोंडून आलं, "आई अंबाबाई, मला काही जमलं नाही. आता तू बघ."

तेव्हा पाठीमागून घंटेचा आवाज आला. जनावराच्या गळ्यातली असते तसली, जाड, संथ. मी वळले आणि उठत, रांगत त्या आवाजाकडे गेले. हाताला दगडी भिंत लागली. माझीच भिंत. आत, छप्पर शिल्लक होतं त्या कोपऱ्यात, एक म्हैस निवांत रवंथ करत बसली होती. मी तिच्या पोटाला टेकले. ती हलली नाही. तिच्या अंगातून ऊब येत होती, तीच घेत पडून राहिले.

किती वेळानं कोण जाणे, प्लास्टिकची खोळ पांघरलेली एक बाई दारात आली. "आगं बया! सकाळधरनं हिला हुडकालोय मी, आन् ही हितं पावणी घिऊन बसलीया!" मग माझ्याकडं नीट बघून ती खाली वाकली. तिनं माझे पाय चोळले, घोटा फडक्यानं आवळून बांधला, कमरेच्या गाठोड्यातली भाकरी-चटणी हातात दिली. "बोलू नगा. खावा आदी."

खाता खाता मी म्हटलं, "मावशी, मी समोर तिकडं चालले होते. मागून हिची घंटा ऐकू आली म्हणून वाचले."

"कसली घंटा? गळ्याला घासतीया, म्हणून कवाच काढून ठेवलीया. नुसतं दावं हाय गळ्यात, बघा की."

मी बघितलं. नुसतं दावं होतं.

"कान वाजलं असतील तुमचं," ती म्हणाली. "पर म्होरं कुटं चाललावता? तिकडं कडा हाय."

मला रडू फुटलं. भावाचं सगळं तिला सांगितलं आणि विचारलं, मला ऐकू आली ती घंटा त्याला का नाही आली?

तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "ते मला काय ठावं? मी म्हस हुडकाय आल्याली बाई. चला, उजेड हाय तवर खाली जाऊ." म्हैस पुढं आणि बाईच्या खांद्यावर हात टाकून मी मागं, अशा आम्ही उतरलो.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. देवळात पुन्हा जाते. आईसमोर उभी राहते आणि तोच प्रश्न घेऊन परत येते. पण आता तो तिच्यापाशी ठेवता येतो, एकटीनं वाहावा लागत नाही. छप्पर पुन्हा घातलं, या वेळी वाऱ्याला अडवायचं सोडून कड्याकडच्या बाजूनं त्याला निघून जायला वाट ठेवली. ते टिकलंय.

मागच्या थंडीत वर गेले, तर निवाऱ्यात कुणीतरी मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीत राख होती आणि कोपऱ्यात वाळक्या काटक्यांची मोळी नीट बांधून ठेवलेली. कुणीतरी तिथं थांबलं होतं आणि जाताना पुढच्यासाठी लाकूड ठेवून गेलं होतं. कोण, ते मला कधीच कळणार नाही. मी मोळीला हात लावला नाही. हात जोडले आणि दार नुसतं लोटून खाली आले.