कुरणाची प्रतबंदी

अख्ख्या वऱ्हाडात असं एकही गाव नसेल, जिथली माती आमच्या मामेसासऱ्यांनी चाखून पाहिली नव्हती. 'चाखून' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. चिमूटभर माती ते खरोखरच जिभेच्या शेंड्यावर ठेवत, डोळे मिटत, पुढच्या दातांत ती हलकेच दळत, आणि मग लोटाभर पाण्यानं चूळ भरून सांगत, "चुनखडी हाये. हातभर खाली लागंल." मग कुणी तरी चिकाटीनं तिथं खणून पाही आणि हातभर खाली चुनखडी लागे. जमीन महसुलाची आकारणी करणाऱ्या बंदोबस्त खात्यात ते क्लासर होते. शेताशेतात खड्डे घेऊन माती किती खोल आहे, कोणत्या जातीची आहे, तिच्यात खोट काय आहे हे पाहायचं आणि तिची प्रत ठरवायची, हे क्लासरचं काम. याला प्रतबंदी म्हणत, आणि शेताचा सारा त्यावर ठरे. त्यामुळे क्लासर गावात आला की गाव कसं लवून चाले. कुणी दुधाचा पेला पुढे करी, कुणी मोर्शीकडच्या संत्र्यांची टोपली आणून ठेवी. मामाजी टोपलीकडे न पाहता संत्र्याच्या देठाला लागलेली माती तेवढी खरवडून घेत.

त्यांच्या खात्याच्या हिशेबी मातीला सात दोष. चुनखडी, वाळू, उतार, सुटेपणा, पाणी न मुरणं, पुराचा मारा आणि अती ओल. हे सातही दोष मामाजी एका दमात म्हणत, आणि मला वाटतं, षड्रिपूंपेक्षा त्यांचा या सात दोषांवर अधिक विश्वास होता. मला मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला मुलीकडची चार माणसं आमच्या अमरावतीच्या घरी आली, तेव्हा बाकीच्यांनी शाळेतली माझी नोकरी, पगार, घराणं असं काहीबाही विचारलं. मामाजींनी मला अंगणात नेलं, माझा तळहात दाबून पाहिला आणि आत येऊन मोठ्यानं निकाल दिला, "पोरगा मोरंड हाये. काळीवानी पावसात फुगणार नाही, बरडावानी उन्हात तापणार नाही. देऊन टाका." मोरंड म्हणजे भुरकट, मध्यम, नांगराला सोपी जमीन. आपण निदान काळी असू असं मला तोवर वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा आवाज जरा चढला की आमची मंडळी अजून म्हणते, "मामा म्हणाले होते, तापणार नाही म्हणून!"

भाचीच्या घरी ते पहिल्यांदा राहायला आले ते अकोल्याहून. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्यांची ट्रंक दोन हमालांना उचलेना. तपासनिसाला संशय आला. त्यानं ट्रंक उघडायला लावली. आत एक धोतर, एक सदरा आणि बाकी सगळ्या कापडी पुरचुंड्या. प्रत्येकीवर गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. "ये क्या है?" तपासनीस ओरडला. मामाजी म्हणाले, "माती." "इतनी मिट्टी कायको ले जाते?" मामाजींनी फलाटावर उभ्या असलेल्या कोळशाच्या इंजिनाकडे बोट दाखवलं. "अन् थे कोयसा काहून घेऊन चाललं? ज्याचं त्याले लागते, बावा." तपासनिसानं ट्रंक बंद केली. आमच्या घरी पोहोचल्यावर हातपाय धुण्याआधी त्यांनी तुळशीची कुंडी उपडी केली, "कावं पोरी, या तुळशीले मारून राहिली काय?" असं भाचीला विचारलं, आणि नाल्याकाठच्या पोयट्याची पुरचुंडी सोडून कुंडी पुन्हा भरली. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, काही विधी चालला आहे.

पोयटा हे त्यांचं दैवत. काळीचं कौतुक सगळेच करतात, ते म्हणत, पण काळी मानी असते. पावसात पाय धरते, उन्हात भेगाळते. वाळूला पाणी टिकत नाही. पोयटा मात्र सगळ्यांचा. वाळू, गाळ, चिकण तिघं एका घरात भांडण न करता राहतात, तो पोयटा. तो ओळखायची त्यांची रीत सोपी होती. ओली माती तळहातावर वळायची. वळीची अंगठी झाली तर चिकण, वळीच झाली नाही तर वाळू, आणि वळी होऊन वाकवताना तुटली तर पोयटा. ही सवय इतकी हाताला बसली होती की पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचीही त्यांनी एकदा वळी केली, तिची अंगठी केली आणि "चिकण जादा झाली, पोरी" असं सांगून ती परत परातीत ठेवली.

मला ते चेष्टेचे धनी वाटत. मोर्शीकडच्या त्या कुरणावर जाईपर्यंत.

त्या गावाच्या उत्तरेला एक मोठं कुरण होतं. आमच्याकडे अशा सरकारी चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. गावची सगळी ढोरं तिथं चरत. कापसाची जिन असलेल्या अमरावतीच्या एका शेठनं अर्ज केला की ही जमीन वाया चालली आहे, कपाशीसाठी मला द्यावी. गाव म्हणालं, जमीन बरड आहे, तिच्यात काही पिकणार नाही. कुरणाची प्रतबंदी कधी झालीच नव्हती. चराईच्या जमिनीत कोण कशाला खड्डे घेतो? तहसीलदारांनी विचारलं, कुणाचा शब्द मानाल? शेठ आणि गाव, दोघांनीही निवृत्त मामाजींचं नाव घेतलं. मातीबद्दल हा माणूस खोटं बोलणार नाही, एवढं एकच दोन्हीकडच्यांना पटलेलं होतं. त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती. दिवाळीची सुटी होती, म्हणून लिहून घ्यायला मला बरोबर नेलं.

आम्ही दिवस मावळता पाटलांच्या घरी उतरलो. जेवणं झाल्यावर पाटलांनी पान पुढे केलं आणि सरळ सांगितलं, "मामाजी, एक शब्द लिवा. बरड. गावाची ढोरं जगतीन." दाराशी गावचा म्हातारा गायकी बसला होता. जन्मभर त्यानं त्या कुरणावर गावची ढोरं वळली होती. तो नुसता मामाजींच्या तोंडाकडे पाहत राहिला. मामाजी म्हणाले, "पाटील, माती पायल्याबिगर मी काही बोलत नसतो." त्यांनी पान घेतलं नाही.

सकाळी कुरणावर गेलो. तहसीलदार, पाटील आणि शेठचा मुनीमही आले होते. पवन्या अन् शेडा ही गवतं छातीभर वाढून पिकली होती, वाऱ्यानं सगळं कुरण पिवळंधमक हलत होतं. पहिला खड्डा घेतला. मामाजी त्यात उतरले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी वाकून पाहिलं, तर ते खड्ड्याच्या भिंतीवरून हात फिरवत होते. तपकिरी काळसर, भुसभुशीत माती. बोटानं टोचलं की शिजलेल्या कण्यांसारखी मोकळी होऊन पडे. गवताची मुळं दोन हात खोलवर जाळीसारखी विणलेली, मधून गांडुळांची बिळं. त्यांनी मूठभर माती भिजवून वळी केली, वाकवली. मधोमध तुटली. त्यांनी ती पुन्हा वळली. पुन्हा तुटली. "जावईबापू," ते खालूनच म्हणाले, "सारी जिंदगी खड्डे घेतले. असा पोयटा म्या नाही पायला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्यांनी दोष शोधायला सुरुवात केली. दुसरा खड्डा, चौथा, सातवा. चुनखडी नाही. वाळू नाही. पाणी टाकून पाहिलं, झटकन मुरलं. आजवर त्यांनी दोष नुसते पाहिले होते, त्या दिवशी मात्र एखादा तरी सापडावा म्हणून त्यांची धडपड चालली होती. उतार होता, पण तो दोन वेळा मोजला तरी कायद्यानं दोष ठरेल इतका भरेना. दुपारी त्यांनी अंगावरची माती झटकली, बाभळीखाली तहसीलदारांसमोर बसले आणि मला म्हणाले, "लिवा. पहिली प्रत."

शेठचा मुनीम हसला. पाटलांनी फेट्याचा पदर तोंडाला लावला.

"अजून लिवा," मामाजी म्हणाले. "ही माती गवतानं कमावली हाये. गवत हाये तंवर हा उतार दोष नाही. नांगर लागला की हाच उतार दोष होईन, अन् माती नाल्यानं चालली जाईन."

तहसीलदार सज्जन होते. ते हसून म्हणाले, "मामासाहेब, शेऱ्याच्या रकान्यात दोष लिहायचा असतो. भविष्य नाही."

"साहेब, जे होणार हाये थेच सांगून राहिलो. मंग कोण्या रकान्यात लिवू?"

तहसीलदारांनी उदारपणे शेऱ्यात लिहू दिलं. मी बारीक अक्षरात सगळं कोंबलं. पण वरच्या कचेरीत प्रत वाचतात, शेरा कोण वाचतो? आम्ही गाडीत बसत असताना पाटील जवळ आले. "मामाजी," ते म्हणाले, "तुमची माती खरी झाली. आमची ढोरं मेली."

कुरण शेठला मिळालं. पहिली काही वर्षं अशी कपाशी पिकली की लोक पाहायला जात. शेठनं मामाजींकडे मिठाईची टोपली पाठवली, ती त्यांनी तशीच परत केली. गावानं निम्मी ढोरं बाजारात नेली. गायकी हाताला काम उरलं नाही म्हणून रेल्वेच्या खडीवर गेला. मामाजी दर उन्हाळ्यात एकटेच मोर्शीकडे जाऊन कुरणातली एक पुरचुंडी माती घेऊन येत. आमच्या ओटीवर त्या साऱ्या पुरचुंड्या ओळीनं उघडून बसत. माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसे, दर साली रंग उतरत चालला होता. काळसर तपकिरीची भुरी झाली, भुरीची पिवळी. एका साली पुरचुंडीत निम्मे खडे निघाले. पावसाच्या पाण्यानं उतारावर घळी पाडल्या होत्या. शेठनं नवी जमीन पाहिली, आणि ही सोडून दिली.

त्याच साली मामाजी मला घेऊन पाटलांच्या दारी गेले. पाटलांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. मामाजी उभ्यानंच बोलले, "पाटील, म्या खरं लिवलं. पण रकान्यात मावलं तेवढंच खरं लिवलं. शेरा वाचून घ्या म्हून मी कचेरीत जाऊन बसाले पायजे होतं. थे मी केलं नाही. घरी गेलो." पाटलांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "आता काय मन्ता?" मामाजी म्हणाले, "गवत पेरतो मन्तो."

सत्तरीला टेकलेला तो माणूस मग खरंच गवत पेरू लागला. रेल्वेच्या भरावावरून, रस्त्याच्या कडेनं, देवळांच्या मागून तो पवन्याचं अन् शेड्याचं बी ओरबाडून आणी. धोतराला नेहमी कुसळं टोचलेली असत. आमच्या मंडळींनी ती वेचता वेचता हात टेकले. "मामा, गवत काय कुणी पेरतं?" तिनं एकदा विचारलं. "नाही पेरत, म्हूनच तर," ते म्हणाले. पहिल्या साली बी वाहून गेलं. दुसऱ्या साली पाटलांनी न सांगता दगडांच्या चार गाड्या धाडल्या, आणि घळींना आडवे बांध घातले गेले. गायकी खडीवरून परत आला. दोघं म्हातारे उतारावर गुडघे टेकून बांधाच्या वर बोटानं रेघा ओढत आणि बी टाकत. बोलणं फारसं होत नसे. भाकरी मात्र पाटलांच्या घरून दोघांची एकाच फडक्यात येई.

असे तीन पावसाळे झाले. मग मामाजींची नजर पुरती गेली आणि ते अकोल्याला अंथरुणाला खिळले. मी शेवटचा भेटायला निघालो तेव्हा वाट वाकडी करून कुरणावर गेलो. बांधांच्या मागे गवत धरलं होतं, विरळ, गुडघ्याएवढं. गायकी तिथंच होता. त्यानं चार गाई आणल्या होत्या, पण त्यांना तो गवतात जाऊ देत नव्हता. दुरूनच उभं केलं होतं. "पाहू द्या त्यायले," तो म्हणाला. मी गवताच्या बुडातली मूठभर माती रुमालात बांधून घेतली. ती पिवळीच होती, आणि खडेही होते.

मामाजींच्या हातावर मी रुमाल सोडला. "कुरणाची हाये, मामाजी," मी म्हणालो. "रंग धरून राहिली. काळी पडून राहिली हळूहळू."

त्यांनी ती बोटांनी चोळली. खडे एकमेकांवर घासल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. चूळ न भरताच त्यांनी ती माती गिळली.

"हो," ते म्हणाले. "धरून राहिली."

त्यांच्या बोटांना एखादं तंतूएवढं मूळ लागलं होतं, की माझ्यासाठी ते मातीबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले, हे मला अजूनही कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो बराच वेळ तसाच राहिला.