बाईंची चौथी पेटी

बाईंना सगळी प्रयोगशाळा पाठीमागे ‘पेटीबाई’ म्हणायची आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? दूरच्या ताऱ्यांचे गॅमा किरण हवेतच अडतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते टिपायला स्फटिकाची पेटी करायची, भल्यामोठ्या फुग्याला टांगून वर पाठवायची आणि खाली देवाचं नाव घेत बसायचं. किरण स्फटिकावर आदळला की आत बारीकसा उजेड पडतो, त्याची नोंद होते. सांगायला सोपं. पण पहिल्या पेटीला जलसमाधी मिळाली. दुसरीच्या स्फटिकाला पेटीत बसण्याआधीच दमट हवा बाधली. तिसरीच्या स्फटिकातच भेसळ निघाली आणि ती बया वर जाऊन स्वतःचेच किरण मोजत बसली. आता बाई वर्षअखेर निवृत्त व्हायच्या होत्या आणि चौथी पेटी तीन आठवड्यांनी उडायची होती. ही संधी हुकली की अनुकूल वारे थेट पुढच्या वर्षी.

चारही पेट्यांची झाकणं वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी बसवली होती. चोवीस बोल्ट ते हाताच्या अंदाजाने असे आवळत की हवेची काय टाप होती आत शिरायची! बाई स्वतःच्या गणितावर शंका घेत, पण मिस्त्रींच्या हातावर कधी घेतली नाही.

शेवटची चाचणी आठवडाभर चालली आणि आलेखात भलत्याच जागी एक उंचवटा उगवला. पुन्हा भेसळ!

“दुधाने तोंड पोळलंय आपलं, ताकही फुंकून प्यायला हवं,” संचालक म्हणाले. “झाकण उघडा, स्फटिक बदला.”

झाकण उघडणं म्हणजे यंदाचं उड्डाण गेलं. बाईंनी सोमवारी पेटी उघडायची, असं लिहून दिलं आणि रविवारभर घरात तोंड पाडून बसल्या.

यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी आलेख पाहिला. “अगं, ही तर आठवड्याची गोळाबेरीज. रोज काय होत होतं?”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” बाई फणकारल्या. पण मनात ते टोचलं. या शास्त्रज्ञ लोकांना बेरजेची खोडच असते. किरण इतके थोडे की तासातासाचं पाहून काही हाती लागत नाही, म्हणून सगळं एकत्र करून मोकळे होतात. बाईंनी संगणक उघडून तासातासाचे आकडे वेगळे काढले. उंचवटा मंगळवारपासून रोज सकाळी नवाला उगवत होता, साडेपाचला मावळत होता, आणि दिवसेंदिवस ओसरत होता. मध्ये एक ते दीड साफ गायब.

“अहो!” बाई ओरडल्या. “हा किरण एक वाजता जेवायला जातो!”

सोमवारी त्यांनी तो कागद वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर धरला. “भेसळ स्फटिकात नाही, माणसात आहे. नऊ ते साडेपाच पेटीजवळ कोण असतं?” लोक हसायला लागले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“बाई, तो मी आहे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या सोमवारी रजा काढून त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली होती. त्यासाठी दंडात टोचलेल्या औषधातून काही दिवस किरण निघत राहतात. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलेलं.

“आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाहीत?” बाई भडकल्या.

“बोललो असतो तर मला फुग्याच्या मैदानावर येऊ दिलं असतंत? पेटी वर जाताना बघायची होती. ते औषध पेटीला दिसतं, हे मला काय ठाऊक!”

बाईंचा राग जागीच विरला. आत्ता गप्प बसून मिस्त्रींनी झाकण उघडलं असतं तर त्यांना कोण विचारणार होतं? पेटी वाचवायला त्यांनी मैदानावरची आपली जागा घालवली होती. बाईंनी आपलं लिहून दिलेलं पत्र मागवून घेतलं आणि तिथेच फाडलं.

“पेटी उडाली की करतो ऑपरेशन,” मिस्त्री म्हणाले.

“पेट्या मी चार केल्या, मिस्त्री मला एकच मिळालाय. उद्याच दवाखाना गाठायचा!”

ऑपरेशन नीट पार पडलं. फुगा उडाला त्या दिवशी मिस्त्री घरी अंथरुणावर होते. पेटी उंचावर पोचून बोलू लागली, तशी बाईंनी त्यांना फोन लावला. सुनेने तो त्यांच्या कानाशी धरला. तीस वर्षांचे आभार एकदाच मानायचे, असं ठरवून बाईंनी काय काय जुळवलं होतं. ते सगळं राहू देऊन त्यांनी फोन सरळ पेटीची प्रत्येक नोंद वाजवणाऱ्या स्पीकरपाशी नेला. पत्र्यावर तांदूळ सांडावेत तशी टकटक चालू होती.

“हे सगळे वरचे?” मिस्त्रींनी विचारलं.

“सगळे वरचे,” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “यात तुमचा एकही नाही, मिस्त्री.”

पलीकडे मिस्त्री इतके हसले की टाके दुखतील म्हणून सून त्यांच्यावर रागावली.