सुमनवहिनींच्या परसातला ज्वालामुखी

माझी फजिती मीच सांगते, नाहीतर तिखटमीठ लावून सांगणारे आमच्या साखरशेत पाड्यात खूप आहेत. चहा घ्या, आणि निदान सुरुवातीलाच हसू नका.

आमच्या शेजारी गुरुजींचं घर. मध्ये नुसतं काटक्यांचं कुंपण. त्यांची मुलगी नंदा परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं करते आणि मी कुंपणापाशी तांदूळ निवडते. कान काय, उघडेच असतात ना?

त्या दिवशी ज्वालामुखीचा धडा होता. म्हणे जमिनीच्या पोटात खोलवर दगड वितळतो. वितळला की हलका होतो, वरवर सरकतो, एका जागी साठतो. आत वाफा कोंडतात, दाब वाढतो, आणि वरचा खडक जिथे कच्चा, तिथून फुटून बाहेर. गुरुजी खाटेवरून म्हणाले, "डोंगरच लागतो असं नाही. नुसत्या भेगांतूनही येतो. आपला हा सगळा काळा दगड तसाच आलाय."

तेवढ्यात माझी भाकरी करपली आणि मी आत पळाले. पुढचं ऐकायचं राहिलं.

मी सातवी शिकलेली. पण एवढं कळलं, की ज्या दगडावर आपण अंथरूण घालतो तो खालून आलाय. एकदा आलेल्याला पुन्हा यायला कोण अडवणार? त्यात मागच्या थंडीत जमीन हलून भांडी खडखडली होती. चार दिवस मी पाय जपून टाकत होते.

पाचव्या दिवशी सकाळी कुंपणावरून सहज बघितलं. सहजच हो! गुरुजींच्या न्हाणीमागे जमिनीला बारीक भेग, आणि तिच्यातून धूर. जवळपास ना चूल, ना विस्तव. जाऊन हात लावला, तर माती तापलेली.

आणि भिंतीपलीकडे त्यांची सून रेखा, सात दिवसांचं बाळ कुशीत घेऊन निजलेली. गुरुजी नंदाला घेऊन मोखाड्याला गेलेले. बाळंतिणीजवळ गुरुजींची बायको, सुमनवहिनी, एकट्याच.

"वहिनी, बाळाला उचला. खालून फुटतंय."

"काय फुटतंय?"

"जमीन. नंदाच्या पुस्तकात आहे सगळं."

वहिनींनी धूर पाहिला आणि पुढे काही विचारलंच नाही. बाळ माझ्या पदरात, कान बांधलेली ओली बाळंतीण मागे, आणि वैशाखाचं ऊन. वाटेत जो भेटेल त्याला मी सांगत गेले. कुणी शेळ्या सोडल्या, कुणी नागलीचं बियाणं उचललं, एकानं तर टीव्ही डोक्यावर घेतला. शाळेच्या ओट्यावर अर्धा पाडा गोळा झाला.

बाळ रडून लालबुंद. दूध घेईना. रेखानं माझा हात धरला. "काकी, माझ्या बाळाला काही होईल का?"

मी पदरानं बाळाला वारा घालत राहिले.

तेवढ्यात गुरुजी मोटारसायकलवरून आले. सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, कधीच थंड झालंय. मी विचारलं, मग धूर कसला? गुरुजी म्हणाले, "ते मलाही बघावंच लागेल." मला तर आणखीच धडकी भरली.

सगळे परत गेलो, बायाबाळांना लांब ठेवून. बघतो तर माझे सासरे पहार घेऊन भेग उकरत बसलेले. हातभर खाली ऐनाच्या झाडाचं जुनं वाळलं मूळ. आतून लाल निखारा, वरून माती. सासरे मुळाच्या मागोमाग उकरत निघाले, आणि अख्खा पाडा त्यांच्या मागोमाग. मूळ न्हाणीमागून कुंपणाकडे, कुंपणाखालून पलीकडे, आणि थेट आमच्या शेतात.

तिथे आठ दिवसांपूर्वी मीच राब जाळला होता. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण-पालापाचोळा पसरून आपण जाळतो ना, तो. विझेपर्यंत राबापाशी थांबायचं असतं. मी कुठल्या कुंपणापाशी थांबले होते, ते सांगायला हवं का?

सासऱ्यांनी पहार खाली ठेवली. "सूनबाय, पाणी आण."

अकरा हंडे ओतले. घरात गेल्यावर बाळ दूध प्यायलं, झोपलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. माफी मागायला गेले तर सुमनवहिनींनी बाळ माझ्याच मांडीवर दिलं.

"बाय, आमच्या घरात डोकवायचं तर डोकव," म्हणाल्या, "पण आधी आपला राब बघून येत जा."

आता मी तसंच करते. आधी राबाच्या मातीला हात लावून बघते, मगच त्यांच्याकडे जाते.

काल सहा वेळा राब बघून आले.