नरसम्मा मावशीचा यल्लप्पा

दुपारचं जेवण करून जरा आडवी होते. पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते, आणि कुणीतरी पायाशी येऊन बसतं.

"काय गं वैजू, कोण ती माणसं?"

नरसम्मा मावशी. सोलापुरात आमच्या शेजारी राहायची, आईबरोबर विड्या वळायची. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली.

"कुठली माणसं?"

"काल मुलाखतीत सांगितलीस की. तुझ्या प्रेमकथांवर कुणाकुणाचा प्रभाव! एक रशियाचा, एक फ्रान्सचा. तिसऱ्याचं तर नावही तुला धड घेता येईना."

मी उठून बसते ती थेट विडी कारखान्यात. बायका ओळीनं बसल्यात, मांडीवर सुपं. मावशी पान कापतेय, माझ्याकडे बघतही नाही.

"यल्लप्पा मागावर कामाला, तिथला उरलेला लाल धागा मला आणून द्यायचा, हे त्या रशियावाल्यानं सांगितलं का तुला? विड्यांच्या दर कट्ट्यात एक विडी मी त्या धाग्यानं बांधायची. माल तपासणारा चेकर ती काढून फेकायचा. तरी बांधायची. कुणाचं आहे हे?"

"तुझं."

"मग?"

"पुस्तकात नावं बदलावी लागतात, मावशी."

"नावं बदल की! पण तू त्याला परत आणलंस." तिचा आवाज चढतो. आता हे कालच्या मुलाखतीचं सभागृह आहे. खुर्च्यांवर त्याच बायका, सुपांसकट. "भिवंडीला गेला तो गेलाच. अकरा वर्षं मी लग्नाला नाही म्हणले, भावाचा मार खाल्ला. आणि तू शेवटच्या पानावर त्याला एसटीतून उतरवलंस, हातात गजरा देऊन!"

"वाचकांना तसं आवडतं," मी पुटपुटते. लाज वाटते, आणि लाज वाटली म्हणून रागही येतो. "तुला तर वाचताही येत नव्हतं. तुला काय कळणार?"

सगळ्या बायकांचे हात थांबतात.

मावशी उठते. "वाचता येत नव्हतं. सांगता येत होतं ना? त्यावरच मोठी झालीस."

माझा दंड धरते आणि करकचून चिमटा घेते, लहानपणी खोटं बोलल्यावर घ्यायची तसा.

मी किंचाळत उठते. चष्मा सापडायच्या आत मुलाखत घेणाऱ्या मुलीला फोन लावते.

"उद्या छापायच्या आधी ती तिन्ही नावं काढ. एकच घाल. नरसम्मा गाजूल."

"मॅडम, या कुठल्या लेखिका?"

"लेखिका नाही. विड्या वळायच्या. तसंच छाप."

फोन ठेवते. दंड ठणकतोय. बाही वर सारते, तर दोन नखांच्या खुणा, लालभडक.