बांधाला कोण?

एका माणसाने दुसऱ्याला ओळखणे, याहून पवित्र व्यवहार जगात नाही, असे आमचे चाचा म्हणत. हे वाक्य मी बहुतेक वेळा काचेच्या दारापलीकडून ऐकले आहे. ऑफिसच्या दारावर बोट टेकवायचे यंत्र होते. ते सगळ्यांना ओळखत असे, फक्त चाचांना नाही. रोज सकाळी ते चार बोटे आळीपाळीने टेकवत, यंत्र चारदा नकार देई, मग ते काचेवर टकटक करत आणि मी उठून दार उघडत असे. "टायपिंगच्या वर्गात पंचवीस वर्षं कळा बडवल्यात की," ते म्हणत. "बोटावरच्या रेघा कवाच झिजल्या. माझ्यावर कितीबी गुन्हे घाला, ठसा घावायचा न्हाय."

जिल्ह्याच्या गावी, मंगळवार पेठेत, मिरची कांडपाच्या गिरणीवरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. माणसे नऊ. मालक तिला 'ग्रामीण तंत्रज्ञानाची चळवळ' म्हणत; खाली मिरची कुटायला घेतली की चळवळ एकसाथ शिंकत असे. नदीचे पाणी उपसून शेतांना देणाऱ्या सहकारी संस्थांसाठी आम्ही एक ॲप केले होते. सभासदाने आपली पाण्याची पाळी त्यात बघायची, पाळी आली की बटण दाबायचे. मग पाटकरी जाऊन त्याच्या शेताकडचा व्हॉल्व्ह उघडणार. चाचा मूळचे कुरुंदवाडचे. टायपिंगचे वर्ग बंद पडल्यावर पन्नाशीत ते प्रोग्रॅमिंग शिकले, आणि ॲपमध्ये कुणाला आत घ्यायचे, कुणाला नाही, हा सर्व्हरवरचा सगळा भाग त्यांनी एकट्याने लिहिला होता. कीबोर्ड ते अजून टाइपरायटरसारखाच वाजवत. वर्षाला दोन कीबोर्ड लागत.

सभासद पासवर्ड विसरत. विसरणे हा सौम्य शब्द झाला. पासवर्ड आपल्याला दिला होता हेच त्यांना मान्य नसे. मग ते चाचांना फोन करत, आणि चाचा सगळ्यांना एकच प्रश्न विचारत.

"पावणं, बांधाला कोण?"

"कुणाच्या बांधाला?"

"तुमच्या की."

"हाय की आमचा चुलतभाऊ. दरसाली वीतभर बांध कोरतंय बेनं! परवा तर मी कुदळ घिऊनच गेलतो—"

"बास, बास. पटली ओळख. नवा पासवर्ड लिहून घ्या."

मी नुकतीच पदवी घेऊन आले होते, त्यामुळे मला सगळे कळत होते. मी म्हटले, "चाचा, ही कसली सुरक्षा? बांधाला कोण आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं."

"उत्तर समद्या गावाला म्हाईत असतंय, पोरी. पण सांगताना आवाज चढतोय तो फक्त मालकाचा."

हे शास्त्र मी हसण्यावारी नेले. पुढच्याच महिन्यात एकाने फोन करून बांधाशेजारच्याचे नाव बरोबर सांगितले, आणि वर "चांगला माणूस आहे" असेही म्हणाला. चाचांनी फोन ठेवून दिला. "येवढा समंजस माणूस शेताचा मालक नसतोय," ते म्हणाले. चौकशी केली तेव्हा फोन करणारा तो बांधाशेजारचा चुलतभाऊच निघाला. त्याला दुसऱ्याच्या पाळीचे पाणी हवे होते, आणि जमलेच तर स्वतःबद्दल दोन बरे शब्द.

मग मालक पुण्याला एका परिषदेला जाऊन आले. येताना त्यांनी गळ्यातले ओळखपत्र काढले नव्हते. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभे करून सांगितले, की ओळख पटवण्याचे काम आता जगात कुणी स्वतः करत नाही; ते बाहेरच्या सेवेकडे सोपवायचे असते. सभासद त्या सेवेकडे मोबाइल नंबर देणार, सेवा ओटीपी पाठवणार, आणि माणूस खरा ठरला की आमच्याकडे सोडणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर केबिनमध्ये मला एकटीला बोलावून ते म्हणाले, "महिन्याभरात जोडून टाक. ते झालं की चाचांना मोकळं करू. लॉगिन सोडून त्यांच्याकडं हाय तरी काय?" केबिन प्लायवूडची होती. बाहेर चाचांचा कीबोर्ड एका वाक्यापुरता थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी चाचा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "हं, सांगा म्याडम. नव्या दाराची काय रीत हाय?" रागावले की ते मला म्याडम म्हणत.

मी सांगितले, "माणूस आपल्या दारात येण्याआधी त्या सेवेकडे जाणार. ती त्याला तपासून एक चिठ्ठी देणार. तिला टोकन म्हणतात. आपण चिठ्ठी बघून आत घ्यायचं."

"म्हंजे वेशीवर दुसऱ्याचा माणूस उभा, आन् आपण निस्ती चिठ्ठी वाचायची. चिठ्ठी खोटी असली तर?"

"खाली सेवेची सही असते. ती तपासायची किल्ली सेवा सगळ्यांना उघड देते."

"आन् चिठ्ठी दुसऱ्याच गावाला जायची असली तर?"

"तेही लिहिलेलं असतं. आपलं नाव आहे का बघायचं."

"मुदत?"

मी माझा कोड उघडून पाहिला. चिठ्ठीवर मुदत असते; ती संपली की चिठ्ठी फाडायची असते. मी लिहिलेल्या कोडमध्ये मुदत वाचायचीच राहिली होती. एकदा आत आलेला माणूस त्या चिठ्ठीवर नातवंडांच्या लग्नापर्यंत आत राहिला असता. चाचांनी माझ्यासमोरचा कीबोर्ड ओढून घेतला, चार ओळी बडवल्या आणि म्हणाले, "शिक पोरी. चिठ्ठी देणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्यानं शाणं असावं लागतंय." आपल्याला बेकार करणारे काम इतक्या आवडीने दुरुस्त करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही नाही.

नवी सेवा सुरू करायला मालकांनी मुहूर्त पाहिला, नारळ फोडला आणि जुने दार बंद करायला लावले. आम्ही सगळे सभासद नव्या सेवेत चढवले. दुपारपर्यंत एका नदीकाठच्या गावात पाणी थांबले. झाले असे, की त्या गावात ॲप आले तेव्हा फॉर्मवर मोबाइल नंबर लिहायची जागा होती, आणि संस्थेच्या सेक्रेटरींनी सगळ्या सभासदांपुढे मोकळ्या मनाने स्वतःचाच नंबर लिहिला होता. 'उगंच लोकांस्नी त्रास कशाला' हा त्यामागचा विचार. चाचांचे लॉगिन पासवर्डवर चाले, त्याला नंबराने काही फरक पडत नव्हता. नवी सेवा मात्र एका नंबरला एकच माणूस मानत होती. तिच्या लेखी त्या गावातले सगळे सभासद एका दुपारीत सेक्रेटरी झाले. अख्ख्या गावाच्या पाळ्या एका माणसाच्या नावावर, आणि सगळ्यांचे ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तो माणूस मेहुण्याच्या लग्नात हलगीपुढे नाचत होता.

"चाचा, जुनं दार उघडा!" मालक ओरडले.

"उघडतो. पण पंधरा दिसांपुरतं. त्याला मुदत पायजे," चाचा म्हणाले.

त्या पंधरा दिवसांत चाचांनी गावच्या पाटकऱ्याकडून नंबर मिळवून एकेका सभासदाला स्वतः फोन केला. बांधाला कोण विचारले, आवाज चढेपर्यंत वाट पाहिली, आणि ज्याचा त्याचा नंबर नव्या सेवेत घातला. एका म्हातारीने बांधाशेजारच्या दिराला इतका वेळ शिव्या घातल्या, की चाचांनी तिची ओळख तीनदा पटली असे लिहून ठेवले. रोज यादी आखूड होत होती. यादी संपली की नोकरी संपणार, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. एकदा मी हळूच म्हटले, "चाचा, एवढी घाई कशाला? जरा सावकाश करा की."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "ऊन बघितलंस का भाईर? माझ्या नोकरीपायी लोकांचा ऊस कशाला वाळायचा?" आणि पुढचा नंबर फिरवला.

पंधराव्या दिवशी त्यांनी जुने दार स्वतःच्या हाताने बंद केले. निरोपाला शाल, श्रीफळ आणि मालकांचे भाषण झाले. भाषणात 'आधारस्तंभ' हा शब्द सातदा आला. चाचांना बोलायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठी वाचताना मुदत बघत जावा," आणि बसले. लोकांना ते काहीतरी अध्यात्म वाटले. मला मात्र पुढचे दोन दिवस त्या चार ओळी उघडून बघण्यापलीकडे काही सुचले नाही.

आठवड्याने मालकांनी त्या सेवेच्या खात्यातून चाचांचे नाव काढायला सांगितले. सेवेने कळवले, की हे फक्त प्रशासक करू शकतो, आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. खाते उघडताना प्रशासकाचा नंबर विचारला होता, तेव्हा मालकच म्हणाले होते, "चाचांचा टाक, तेवढेच एक फोन उचलतात." मालकांनी फोन लावला.

"चाचा, एक ओटीपी आला असंल बघा. तेवढा सांगा."

"कोण बोलतंय?"

"मी! मालक!"

"असचाल की. पण ओटीपी फोनवर कुणालाबी सांगायचा नसतोय, साहेब. तसं त्या मेसेजातच लिवलंय."

तेव्हापासून सेवेत काही बदलायचे असले की मी एसटीने कुरुंदवाडला जाते. चाचा आधी चहा देतात, बदल कशासाठी ते विचारतात, पटला तर मोबाइल माझ्यापासून लपवून धरून आकडे माझ्या लॅपटॉपवर स्वतः टाइप करतात. सेवा उत्तम चालते. खात्यात प्रशासक म्हणून आजही एकच नाव आहे. प्रशासक दुपारी एक ते तीन झोपतात.